पगारी संघात गेलेला आमचा गडी

ये गं पोरी, इकडं सरक. अशी जवळ बस. तुला रागवायचंय मला, आणि लांबून रागावलं की राग वाया जातो. परवा फोनवर काय विचारलंस? "आजी, धाकटे आजोबा खरंच गद्दार होते का गं?" जसं काही आमटीत गूळ घालता का म्हणून विचारावं! मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते, तू कुठल्या तरी सिग्नलला उभी. असले प्रश्न सिग्नलला विचारतात होय? समोर येऊन, मांडी घालून, चहा पिता पिता विचारतात. पण तुला सवड कुठं? मारुंजीत राहतेस, रहाटणी तुला परदेशासारखी लांब झालीय. मग काय करणार, लिहिते. माझी शाळा तिसरीत सुटली, पुढचं मी पोरांच्या पुस्तकांवरून शिकले, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मी बोलतेय असं समज आणि वाच.

पानशेतच्या पुराच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन मी या घरात आले. दोघं भाऊ. थोरले म्हणजे तुझे आजोबा, त्यांना मी भावजी म्हणायची. धाकटे आमचे हे. नदीपलीकडं पिंपरीत कंपन्या होत्या, आणखी उभ्या राहत होत्या. अलीकडं आमची बाजरी आणि भाजीपाला. आणि देवळामागं कबड्डीचं मैदान. ते मैदान भावजींनी उभं केलेलं. मंडळ त्यांचं, शिट्टी त्यांची, आणि शिव्याही त्यांच्याच. स्वतः खेळाडू म्हणून बेताचे, पण दुसऱ्याला शिकवायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. त्यांनी सगळ्यात जास्त शिकवलं ते स्वतःच्या भावाला.

आमच्या ह्यांची चढाई तू पाहिली नाहीस, कशी सांगू? बाकीचे गडी धावत सुटायचे, हे चालत जायचे. भाजी आणायला निघाल्यासारखे. समोरचे सातजण बघत राहायचे, आणि बघता बघता कुणाच्या तरी गुडघ्याला हात लागलेला असायचा. भोसरी-आकुर्डीची माणसं सायकलवर डबलसीट येऊन बघायची. बायका आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर. मी पदर तोंडाला लावून बसायची, हसू दिसू नये म्हणून. नवऱ्याकडं बघून हसलेलं तेव्हा चालत नव्हतं.

त्या मैदानाची एक रीत होती. तिच्यावरच पुढचं सगळं फिरलं, तेव्हा नीट ऐक. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मैदान नव्यानं घालायचं. प्रत्येक खेळाडूच्या घरातून चाळलेल्या मातीची एक पाटी यायची. ही माती चाळायचं काम बायकांचं. एक खडा राहिला तर पोराचं ढोपर फुटायचं, म्हणून पिठाच्या चाळणीनं चाळायचो आम्ही. आणि त्या मैदानावरची माती हातात घेऊन कुणी शब्द दिला, तर तो मोडायचा नाही. त्याहून कडक म्हणजे, शब्द देणाऱ्यानं तो तिसऱ्याला सांगायचा नाही. सांगायचा हक्क घेणाऱ्याचा. एका गड्याला भावजींनी असंच दारू सोडायला लावलं होतं. त्याच्या बायकोला कळेना, नवरा एकदम शहाणा झाला कसा. तिनं देवाला नारळसुद्धा फोडला. दिवाळीला भावजींनीच सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझा नारळ परत द्या." गाव हसून लोळलं.

तर असं. पुढं शेताचा बराचसा तुकडा सरकारनं घेतला, आणि हे भोसरीच्या एका शेडमध्ये लेथवर लागले. टेंपररी. तेव्हाची कंपन्यांची तऱ्हा अशी, की काही महिने झाले की ब्रेक. माणूस घरी. मग पुन्हा बोलावणार, पुन्हा नवीन म्हणून लावून घेणार. परमनंट व्हायची वेळ आली की ब्रेक. पस्तिशीला आले तरी हे आपले नवीनच. दोन पोरं पदरात, आणि प्रत्येक ब्रेकला हे ओसरीवर बसून सायकलची चेन पुसत राहायचे. ती चेन इतकी स्वच्छ मी कधी कुणाची पाहिली नाही.

त्याच सुमाराला एका मोठ्या कंपनीनं कबड्डीचा संघ काढला. नाव नाही सांगत, आता सांगून काय करायचंय. संघ काढला म्हणजे काय, तर गावोगावच्या मंडळांतून चांगला चांगला गडी उचलला. भोसरीचा पकडीला पक्का असा एक होता, तो नेला. चिंचवडचा डाव्या कोपऱ्याचा नेला. मुंबईहून दोघं आणले. नोकरी देतो, खेळा. मंडळं ओस पडली. पोरं काय करतील गं, घरात भाकरी लागते. पण लोकांना त्या संघाचा असा काही तिटकारा बसला की विचारू नकोस. 'पगारी संघ' म्हणायचे. जिंकायचे तर तेच, सगळीकडं तेच. सगळ्यांच्या चड्ड्या एका रंगाच्या, पाणी द्यायला वेगळा माणूस. ते मैदानात उतरले की कडेनं ओरडा सुरू: "आधी कार्ड पंच करा, मग चढाई करा!" कुणी पडला, पाय धरून बसला की, "ईएसआयच्या दवाखान्यात न्या रे त्याला, फुकाट हाय!" त्यांच्याविरुद्ध कुठलंही फाटकं मंडळ खेळू दे, सगळं मैदान त्या फाटक्यांच्या बाजूनं.

आमचे हेपण ओरडायचे त्यात. मी ऐकलंय.

आणि एक दिवस त्यांचीच जीप आमच्या दारात. कंपनीचे खेळाचे साहेब उतरले. बूट काढून आत आले, माझ्या चहाची स्तुती केली. म्हणाले, "अजून दोन-चार वर्षं खेळाल. पुढं काय? ब्रेकवरच म्हातारे होणार का? आमच्याकडं या. हा सीझन खेळा, सीझन संपला की परमनंट. खेळ थांबला तरी मशीन थांबत नाही."

साहेब गेल्यावर हे चेन घेऊन बसले. चेन पुसून झाली, उलटीकडून पुन्हा पुसायला लागले. शेवटी म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "जा."

"लोक थुंकतील."

"थुंकू द्या. लोक काय महिन्याचं राशन भरतात का?"

आजही मी तेच म्हणेन. कुणी विचारलं तर आजही.

"दादाला विचारल्याबिगर न्हाई जायाचा मी," हे म्हणाले.

झालं. इथंच चुकलं बघ. बाकी मंडळांतले कितीतरी गेले. एकानं तरी विचारलं का कुणाला? एक तर आजारी आहे म्हणून घरी बसला आणि पुढच्या आठवड्यात पगारी संघाच्या चड्डीत उभा. चार दिवस शिव्या खाल्ल्या, विषय संपला. पण आमच्यात थोरल्याला विचारल्याशिवाय बैल विकत नव्हते, आणि हा तर भाऊ. विचारायचं म्हणजे विचारायचं.

दसऱ्याचा आदला दिवस होता. दुपारची वेळ, पोरं अजून आली नव्हती. मैदानाच्या कडेला बसून मी माती चाळत होते. भावजी चुन्याची दोरी धरून मध्यरेषा आखत होते. हे गेले, दोरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले,

"दादा, त्या कंपनीचं बोलावणं आलंय. जाऊ का?"

भावजी वर बघेनात. "ठरवूनच आलास की."

"न्हाई. तू नगं म्हणालास तर न्हाई जात."

"म्हंजे उद्या, दादानं माझ्या पोटावर पाय दिला, असं सांगत फिरायला तू मोकळा. व्हय ना?"

"मी कवा असं बोललोय?"

"तू न्हाई बोलणार. ती बोलंल," म्हणत माझ्याकडं बोट. मी चाळण हलवत राहिले. बाईमाणसाला ऐकू येतं असं तेव्हा कुणी धरत नव्हतं.

भावजी खाली बसले. बराच वेळ दोरीला गाठी मारत होते आणि सोडत होते. मग म्हणाले, "जा. पर माती उचल."

ह्यांनी मूठभर उचलली.

"आपल्या पोरांच्या अंगाला हात लावायचा न्हाई. कवाच. कुठल्याबी मैदानात."

"आन् कंपनीनं तुमच्याविरुद्ध उतरवलं तर?"

"उतर की. तुझी नोकरी हाय. हात लावू नगंस एवढंच म्हंतो मी."

आता तूच सांग, हात न लावता कबड्डी कशी खेळतात? पण ह्यांनी दिला शब्द. मूठ उघडून माती परत मैदानात सोडली आणि दोरीचं टोक धरून रेषा पुरी आखून दिली. घरी आल्यावर मी भांडले. म्हणाले, "थोरला हाय. त्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हणाला असंल. वेळ आली तर तोच सोडवंल."

पगारी संघात हे गेले. कंपनीचं कॅन्टीन, साबणाची वडी, दोन जोड खाकी कपडे. घरात बरं चाललं. गावात मात्र गिरणीवर दळण घेऊन गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या. आणि ह्यांचं काय? सामन्याहून आले की विचारायची, जिंकलात? "जिंकलो." एवढंच. एकदा म्हणाले, "तिथं कुणी शिव्या देत न्हाई बघ. चुकलं तरी 'वेल प्लेड' म्हणत्यात. दादाची एक शिवी ऐकली असती तर बरं वाटलं असतं." तळेगावाकडं एका सामन्याला कुणी म्हातारा ह्यांना ओळखून म्हणाला होता, "तू बी? तुझ्याकडनं न्हवतं वाटलं." ते वाक्य बरेच दिवस जेवताना मध्येच आठवायचं त्यांना. घास हातात तसाच.

सीझनचा शेवटचा सामना पिंपरीत होता. समोर कोण? आमचीच रहाटणी. भावजींनी उरलेली पोरं घासूनपुसून तयार केली होती, आणि ती अंतिम सामन्यापर्यंत आली होती. गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आलं. मीही गेले. आमच्या गावच्या बायकांमध्येच बसले, पण दोन्ही बाजूंना कुणी टेकेना.

हे बाहेर, राखीव गड्यांमध्ये. साहेबांना सकाळीच सांगून ठेवलं होतं, गुडघा दुखतोय; भावजींच्या कानावरही ते गेलं होतं. मला वाटलं, सुटलो. सामना संपेल, हे परमनंट होतील, शब्दही राहील. पण आमची पोरं त्या दिवशी भुतं अंगात आल्यासारखी खेळत होती. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली आणि पगारी संघ मागं. त्यात त्यांच्या मुंबईच्या गड्याचा पाय मुरगळला. लोक नेहमीप्रमाणं "ईएसआय, ईएसआय" करत होते. साहेबांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी भावजींकडं बघितलं.

भावजी समोरच्या कडेला उभे होते. नुसती मान हलवली असती, डोळ्यांनी हो म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. त्यांनी काय केलं माहितेय? खाली वाकून वहाणेचा अंगठा नीट करायला लागले.

हे उतरले. वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि निघाले. तसेच, चालत. आमची पोरं मागं सरली. त्यांना ती चाल ठाऊक होती, ह्यांनीच तर शिकवली होती. हे पार निदान रेषा ओलांडून कोपऱ्यातल्या पोरापर्यंत गेले. हात पुढं केला असता तर नाकाला लागला असता. पोरगा जागेवर खिळला. डोळे मिटून घेतले त्यानं. आणि हे वळले, दम घुमवत, चालत, परत. कुणालाच हात नाही.

लोकांना कळेना. कुणीतरी हसलं. साहेब ओरडले, "क्या कर रहे हो?" पुढच्या चढाईला पुन्हा तेच. गेले, सगळ्यांच्या समोरून फिरले, रिकामे परत. आता सगळं मैदान हसत होतं. तिसऱ्या वेळी आमच्या पोरांनीच झडप घातली. सुटायला धडपड करायची तर हात लागणार, म्हणून हे उभेच राहिले. काठी उभी असावी तसे. पोरांनी पाडलं, आणि उगाच जोरात पाडलं. एकानं छातीवर गुडघा दाबला. ती शिट्टी अजून माझ्या कानात आहे.

रहाटणी जिंकली. गुलाल, हलगी, विचारू नकोस.

आता ऐक लोक काय बोलले ते. कंपनीवाले म्हणाले, हा गावाला विकला गेला. आणि गाव म्हणालं, कंपनीत जाऊन माजला. आमच्या पोरांना हात लावायचीसुद्धा लाज वाटली. कोपऱ्यातला तो डोळे मिटणारा पोरगा चौकात सगळ्यांना सांगत होता, "काकानं मुद्दाम क्येलं. आमची जीत म्हंजे त्याची भीक, असं लोकांनी म्हणावं म्हणून." एका माणसाला दोघांनी दोनदा विकलं, आणि आमच्या घरात गुढीपाडवा कोरडा.

हो, कोरडा. सीझन संपला, परमनंट करायच्या जागी ह्यांना ब्रेक दिला. ब्रेक संपून गेटवर गेले, तर वॉचमन म्हणाला, "तुमचं नाव नाही." हे घरी आले, खाकी कपडे धुऊन, घडी करून परत देऊन आले. तसं कुणी मागितलेही नव्हते.

गावानं भावजींचा सत्कार केला देवळापुढं. हे मागं उभे, मी बायकांत. हार घातल्यावर भावजी बोलायला उठले. मला वाटलं आता सांगतील. आता नाही तर कधी? विजय झालाय, गाव खुशीत आहे, आताच हसत हसत सांगतील, जसं त्या दारू सोडलेल्याचं सांगितलं. तुझे आजोबा म्हणाले, "खेळात घर बघायचं नसतं. आपला कोण, परका कोण, ते त्या दिवशी मैदानानं दाखवलं."

टाळ्या पडल्या. मी मागं वळून ह्यांना खुणावलं, बोला. त्यांनी मान हलवली. घरी येऊन मी भांडीच आपटली. "तुम्ही नाही तर मी सांगते. मी होते तिथं."

"तू बोलायची न्हाईस," हे म्हणाले. लग्न झाल्यापासून त्या आवाजात कधी बोलले नव्हते. "त्याचा हक्क हाय. तो सांगंल."

भावजींनी का नाही सांगितलं म्हणतेस? सांगितलं असतं तर जिंकलेला सामना उघडा पडला असता ना. भावाचे हात बांधून जिंकलो, असं कोण स्वतःच्या तोंडानं बोलतो? पुढं त्याच विजयावर ते पुढारी झाले, फ्लेक्सचा जमाना नव्हता पण भिंतींवर नाव रंगवलं होतं. मी वाईट बोलतेय तुझ्या आजोबांबद्दल, कळतंय मला. तुला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवणारा माणूस तोच. पण माझ्या नवऱ्याला त्यांनी जे केलं, तेही त्याच माणसानं केलं.

पुढच्या दसऱ्याला मी माती चाळली. हे म्हणाले, नको जाऊ. मी गेले. पाटी डोक्यावर घेऊन मैदानात गेले तर मंडळाचा एक पोरगा आडवा आला. "काकू, तुमची माती तिकडं कंपनीच्या मैदानावर टाका." मी भावजींकडं बघितलं. खुर्चीवर बसले होते, सुपारी कातरत. कातरतच राहिले. मी ती पाटी आमच्या परसात ओतली, वांग्याच्या वाफ्यात.

त्यानंतर दोन घरांचं जाणं-येणं लग्नाकार्यापुरतं. ह्यांनी पुन्हा मैदानाकडं पाऊल टाकलं नाही. छोट्या शेडमध्ये लेथवर गेली सगळी हयात, ब्रेक घेत घेत.

भावजींच्या शेवटच्या आजारपणात हे पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात रोज जाऊन बसायचे. मी समजले कशासाठी. एके दिवशी भावजींनी ह्यांचा हात धरला. खोलीत तुझे वडील, काका, सगळे होते. हे पुढं वाकले. आणि भावजी काय म्हणाले?

"गुडघा कसा हाय?"

दुखणारा गुडघा खोटा होता हे जगात आम्हा तिघांना ठाऊक. हे म्हणाले, "बरा हाय दादा." दोन दिवसांनी भावजी गेले. सगळे रडत होते, आणि हे भिंतीला टेकून बसलेले. कुणी म्हणालं, बघा, डोळ्यांत पाणी नाही, गद्दारच तो.

आता टीव्हीवर खेळाडूंचा लिलाव होतो. बोली लागते, लोक टाळ्या वाजवतात, हा संघ तो संघ. हे बघत बसतात. मीच शिव्या घालते त्या टीव्हीला.

तर तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. त्यांनी मला बोलू नको म्हटलं होतं, ते मी इतकी वर्षं पाळलं. आता माझं वय झालं, मला नाही पाळायचं. पण मी सांगून त्यांचं समाधान होणार नाही. त्यांच्या हिशोबानं सांगायचा हक्क शब्द घेणाऱ्याचा, आणि ते घर तुझं आहे, म्हणजे आता तो हक्क तुझा. तू त्या घरातली पहिली आहेस जिनं विचारलं तरी. कसंही विचारलंस, सिग्नलला का होईना, पण विचारलंस.

म्हणून म्हणते, ये. ह्या रविवारी ये, पुढच्या रविवारी ये, पण लवकर ये. त्यांना काही विचारू नकोस, ते सांगणार नाहीत. त्यांच्यासमोर बस आणि एवढंच म्हण, "आजोबांनी शब्द घेतला होता, मला ठाऊक आहे." कानानं कमी ऐकू येतं आता, तेव्हा जरा मोठ्यानं म्हण. आणि रिक्षा दारापर्यंत आण गं, कोपऱ्यावर उतरू नकोस, तिथं खणून ठेवलंय.